मालकी आणि अधिकार : अ‍ॅनिमे-वितरणातील स्थित्यंतर आणि चाहत्यांचा प्रतिसाद

१

ग्रहणसिद्धांताने वाचकाला साहित्यविचाराच्या केंद्रस्थानी आणले, हे त्याचे मोठे कार्य होय. परंतु संहिता वाचकापर्यंत कोणाच्या हातून आणि कोणत्या अटींवर पोहोचते, हा प्रश्न त्याने बहुधा समाजशास्त्राच्या स्वाधीन केला. हान्स रॉबर्ट याउस यांच्या ‘अपेक्षाक्षितिजा’त वाचकाचा पूर्वानुभव आणि वाङ्मयप्रकाराविषयीचे त्याला परिचित असलेले संकेत समाविष्ट होतात. स्टॅन्ली फिश यांच्या ‘अर्थनिर्णायक समुदाया’त वाचनाच्या सामायिक रीती येतात. दोन्ही ठिकाणी संहिता वाचकाच्या हाती आधीच पडलेली आहे, असे गृहीत धरलेले असते. आपल्याकडील सहृदयाच्या संकल्पनेविषयीही असेच म्हणता येईल. अभिनवगुप्तांचा सहृदय काव्याच्या दीर्घ अनुशीलनाने घडतो. पण ज्या काव्याचे अनुशीलन करावयाचे ते वाहून आणण्याचे श्रम त्याच्या व्याख्येत येत नाहीत. मराठी समीक्षेत ‘साहित्यव्यवहार’ ही संज्ञा रुळल्यानंतर लेखक, प्रकाशक, ग्रंथविक्रेता, ग्रंथालय आणि वाचक यांच्याकडे एका साखळीतील कड्या म्हणून पाहिले जाऊ लागले. तथापि या साखळीतील एखादी कडी एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे गेली असता आस्वादाचे नेमके काय होते, याचा विचार क्वचितच झाला.

असे होण्याचे कारण उघड आहे. वितरण सुरळीत चालू असते तोवर आस्वादकाला ते दिसत नाही. मालक बदलतो, जुने दुकान बंद होते, विकत घेतलेली प्रत नाहीशी होते, तेव्हा ते एकदम दृष्टीस पडते. जपानी अ‍ॅनिमेशनच्या, म्हणजेच अ‍ॅनिमेच्या, अमेरिकेतील वितरणाचा गेल्या काही वर्षांतील इतिहास या दृष्टीने लक्षणीय आहे. सोनी समूहातील फनिमेशन या कंपनीने क्रंचीरोल ही प्रतिस्पर्धी वितरणसंस्था ए. टी. अँड टी. या अमेरिकी दूरसंचार कंपनीकडून ११७.५ कोटी डॉलर्सना विकत घेण्याचा करार ९ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झाला आणि ९ ऑगस्ट २०२१ रोजी तो व्यवहार पूर्ण झाला. त्या वेळी क्रंचीरोलचे वर्गणीदार ५० लाखांहून अधिक आणि नोंदणी केलेले प्रेक्षक १२ कोटींहून अधिक असल्याचे सांगण्यात आले. इंग्रजी जाणणाऱ्या जगापुढे अ‍ॅनिमे ठेवणाऱ्या दोन प्रमुख संस्था अशा रीतीने एका छत्राखाली आल्या. चाहत्यांची त्यावरची प्रतिक्रिया आनंद, संशय, संताप आणि शोक अशी संमिश्र होती.

या प्रतिक्रियेचे स्पष्टीकरण सामान्यतः दोन प्रकारे केले जाते. एका मते ती ग्राहकाची तक्रार आहे; स्पर्धा संपली की किंमत वाढते आणि निवड कमी होते, एवढाच तिचा आशय. दुसऱ्या मते ती छांदिष्टांची भावविवशता आहे. पहिले स्पष्टीकरण अपुरे आहे आणि दुसरे अन्यायकारक. चाहते या प्रसंगी मालकीची भाषा बोलतात. त्या भाषेआड ते जे सांगू पाहतात त्याचे स्वरूप मात्र वेगळे आहे. मराठीत ‘मालकी’ आणि ‘अधिकार’ असे दोन शब्द आहेत. व्यवहारात ते एकमेकांच्या जागी वापरले जात असले, तरी ‘अधिकारी वाचक’ असे आपण म्हणतो तेव्हा पुस्तक कोणाच्या मालकीचे आहे याचा निर्देश त्यात नसतो. साधनेने, श्रमाने आणि जाणतेपणाने प्राप्त होणारी पात्रता त्या शब्दात अभिप्रेत असते. चाहत्यांचा दावा या दुसऱ्या प्रकारचा आहे आणि त्याचे बळ व त्याची दुर्बलता ही दोन्ही तिथूनच येतात, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

२

हा अधिकार कशातून निर्माण झाला, हे पाहण्यासाठी थोडे मागे जाणे आवश्यक आहे. १९७७ साली लॉस एंजेलिस येथे ‘कार्टून/फँटसी ऑर्गनायझेशन’ ही चाहत्यांची संस्था स्थापन झाली. घरगुती व्हिडिओ यंत्रे नुकतीच आली होती. जपान आणि अमेरिका या दोन्ही देशांत दूरचित्रवाणीची एकच तांत्रिक पद्धती असल्यामुळे एका देशात ध्वनिचित्रमुद्रित केलेली फीत दुसऱ्या देशात जशीच्या तशी पाहता येत असे. जपानी चाहत्यांना अमेरिकी मालिकांच्या फिती पाठवावयाच्या आणि त्या बदल्यात अ‍ॅनिमेच्या फिती मिळवावयाच्या, अशी देवघेव सुरू झाली. या फितींना भाषांतर नसे. कथानकाचा सारांश कोणीतरी लिहून आणी, किंवा चित्र चालू असताना जाणकार उभा राहून अर्थ सांगे. आस्वाद आणि निरूपण या येथे एकाच प्रसंगाच्या दोन बाजू होत्या.

व्यापारी वितरणाची त्या काळातील रीत याच्या नेमकी उलट होती. १९८५ साली कार्ल मेसेक यांनी हार्मनी गोल्ड या कंपनीसाठी ‘रोबोटेक’ ही मालिका सिद्ध केली. परस्परांशी संबंध नसलेल्या तीन जपानी मालिका जोडून तीत एक सलग कथानक रचण्यात आले होते. कारण अमेरिकी वाहिन्यांवर रोज दाखवण्यासाठी भागांची जेवढी संख्या लागे, तेवढी एकट्या ‘मॅक्रॉस’ मालिकेत नव्हती. असंख्य अमेरिकी प्रेक्षकांना अ‍ॅनिमेची गोडी ‘रोबोटेक’नेच लावली, आणि मूळ संहिता कशी असेल ही जिज्ञासाही त्यांच्यात तिनेच जागी केली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस घरगुती संगणकाच्या साहाय्याने चित्रावर उपशीर्षके चढवणे चाहत्यांना शक्य झाले आणि ‘फॅनसब’ नावाचा प्रकार उदयास आला. भाषांतर, वेळेची जुळणी, अक्षरांची मांडणी आणि प्रती काढणे ही सर्व कामे चाहतेच करीत. कोरी फीत आणि टपालखर्च यांपलीकडे मोबदला घ्यावयाचा नाही, आणि एखाद्या कंपनीने त्या कृतीचे हक्क रीतसर घेतले की आपली प्रत फिरवणे थांबवावयाचे, असा संकेत या वर्तुळात मान्य होता. तो सर्वांनी सर्वकाळ पाळला असे नाही. पण पाळला न गेल्यास दोष दिला जाई, एवढी त्याची सत्ता होती.

हेन्री जेन्किन्स यांनी १९९२ साली ‘टेक्स्च्युअल पोचर्स’ या ग्रंथात मिशेल द सर्तो यांचे रूपक घेऊन चाहत्याला दुसऱ्याच्या रानात शिरून शिकार करणारा म्हटले. दूरचित्रवाणी मालिकांच्या अमेरिकी चाहत्यांना ते रूपक बऱ्याच अंशी लागू पडते. अ‍ॅनिमेच्या बाबतीत मात्र ते अपुरे ठरते. येथे रान दुसऱ्याचे होते हे खरेच. पण त्या रानापर्यंतची वाट चाहत्यांनी स्वतः पाडली होती. पुढे कंपन्या आल्या त्या याच वाटेने. गेन फुकुनागा यांनी १९९४ साली फनिमेशनची स्थापना केली, तेव्हा जपानी अ‍ॅनिमेशनला अमेरिकेत एक जाणता प्रेक्षकवर्ग लाभलेला होता. क्रंचीरोलचा प्रारंभ तर याहून बोलका आहे. बर्कली येथील विद्यापीठातून बाहेर पडलेल्या काही तरुणांनी २००६ साली सुरू केलेल्या या उपक्रमात चाहत्यांनी स्वतःहून आणून ठेवलेल्या, बहुतांशी अनधिकृत अशा प्रती होत्या. २००८ साली त्याला व्यापारी भांडवल मिळाले, त्या वेळी हक्कधारक कंपन्यांनी टीकाही केली. जानेवारी २००९ पासून टीव्ही टोकियोशी झालेल्या करारान्वये ‘नारुतो शिप्पूदेन’ ही मालिका तेथे अधिकृतपणे दिसू लागली आणि अनधिकृत प्रती काढून टाकण्यात आल्या. २०१३ साली बहुसंख्य भाग चर्निन समूहाकडे गेला, आणि पुढे २०१८ मध्ये ए. टी. अँड टी.कडे.

या इतिहासाचा निष्कर्ष असा की, ज्या संपत्तीची २०२१ साली ११७.५ कोटी डॉलर्सना खरेदी-विक्री झाली, तिच्या मुळाशी दोन गोष्टी होत्या : जपानी निर्मात्यांची कृती आणि चाहत्यांचे विनामोबदला श्रम. विक्रीपत्रात यांपैकी दुसरीची नोंद होणे शक्य नव्हते. चाहत्यांच्या प्रतिक्रियेतील कडवटपणाचा उगम या नोंद न होण्यात शोधला पाहिजे.

३

वितरकाची मालकी हा संहितेच्या बाहेरचा विषय आहे, असा आक्षेप येथे संभवतो. कृती तीच राहते. ती विकणारा बदलला म्हणून तिच्या अर्थात काय फरक पडणार? अ‍ॅनिमेच्या संदर्भात हा आक्षेप टिकत नाही. कारण परभाषिक प्रेक्षकापुढे जी संहिता येते ती वितरकाच्या हातूनच घडलेली असते.

‘ड्रॅगन बॉल झी’चे उदाहरण घेता येईल. या मालिकेचे मूळ पार्श्वसंगीत शुन्सुके किकुची यांचे आहे. १९९९ पासून फनिमेशनने अमेरिकेत सादर केलेल्या भागांत ते काढून ब्रूस फॉल्कनर यांचे संगीत घातले. कार्टून नेटवर्कवर ही मालिका पाहत वाढलेल्या पिढीच्या दृष्टीने फॉल्कनर यांचे संगीत हेच त्या कृतीचे संगीत ठरले. पुढे २००७ च्या सुमारास इंग्रजी संवादांसह मूळ जपानी संगीत ऐकण्याची सोय असलेल्या प्रती निघाल्या, तेव्हा चाहत्यांत वाद माजला. एका पक्षाला मूळ परत मिळाले असे वाटले. दुसऱ्याला आपले मूळ हिरावले गेले असे वाटले. याउस यांची परिभाषा वापरावयाची तर दोन भिन्न अपेक्षाक्षितिजे येथे परस्परांपुढे उभी होती, आणि त्यांतील एक वितरकाच्या व्यापारी निर्णयातून निर्माण झालेले होते. वितरक हा येथे कृतीचा सहकर्ता होता. फक्त त्याला कोणी कर्ता म्हणत नव्हते.

क्रंचीरोल आणि फनिमेशन यांच्यातील भेदही असाच पाठविषयक होता. पहिलीचा भर उपशीर्षकांवर, दुसरीचा इंग्रजी डबिंगवर. उपशीर्षकांत मूळ आवाज राहतो आणि भाषांतर त्याच्या पायाशी बसते. डबिंगमध्ये भाषांतरच आवाज होऊन येते. सप्टेंबर २०१६ मध्ये दोन्ही संस्थांनी सहकार्याचा करार केला, तेव्हा परस्परांच्या कृतींची उपशीर्षकांसह आवृत्ती एकीकडे आणि डबिंग केलेली दुसरीकडे, अशी वाटणी झाली होती. २०१७ मध्ये सोनी पिक्चर्सने फनिमेशनचा ९५ टक्के भाग १४.३ कोटी डॉलर्सना घेतला आणि ९ नोव्हेंबर २०१८ रोजी हा करार संपुष्टात आला. अनेक मालिका एका ठिकाणाहून दुसरीकडे गेल्या. कोणती कृती कोठे, कोणत्या रूपात मिळणार, हे प्रेक्षकाला नव्याने शोधावे लागले.

पाठाचा विश्वस्त कोण, हा प्रश्न मराठी परंपरेला अपरिचित नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्या ग्रंथाची मालकी त्यांच्याकडे असण्याचा प्रश्नच नव्हता. अनेक हातांनी नकलून घेतलेल्या, पाठभेदांनी गढूळलेल्या संहितेची निगा राखण्याचा अधिकार त्यांना साधनेने प्राप्त झाला होता आणि परंपरेने तो मान्य केला. दोन्ही संदर्भ अत्यंत भिन्न आहेत आणि त्यांची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. परंतु पाठाविषयीचा अधिकार आणि पाठाची मालकी या भिन्न गोष्टी असू शकतात, हे या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे. आधुनिक वितरणव्यवस्थेत पाठ ठरवण्याची सत्ता मालकीच्या मागोमाग जाते. चाहत्यांना बोचते ते हेच.

४

आता २०२० नंतरच्या प्रतिक्रियेतील एका विसंगतीकडे वळता येईल. २०१८ मध्ये सहकार्य संपले, तेव्हा चाहत्यांनी सर्व काही एका ठिकाणी मिळत नाही म्हणून खंत केली होती. दोन वर्षांनी सर्व काही एका ठिकाणी आणणारा व्यवहार जाहीर झाला, तेव्हा त्यांतील अनेकांनी मक्तेदारीची भीती व्यक्त केली. दोन ठिकाणी वर्गणी भरावी लागणार नाही म्हणून समाधान मानणारेही होते. कित्येकदा एकाच व्यक्तीच्या बोलण्यात समाधान आणि भीती दोन्ही आढळत. या व्यवहाराची मक्तेदारीच्या दृष्टीने अमेरिकेच्या न्यायखात्याने छाननी केल्याने त्या भीतीला आधारही मिळाला. क्रंचीरोलची मालकी पुढे सोनी पिक्चर्स आणि जपानमधील अ‍ॅनिप्लेक्स यांच्याकडे संयुक्तपणे आली. अ‍ॅनिप्लेक्स ही स्वतः अ‍ॅनिमेच्या निर्मितीत भाग घेणारी कंपनी आहे. म्हणजे निर्मितीचे एक टोक आणि वितरणाचे दुसरे टोक एकाच समूहाच्या हाती आले.

ग्राहकाच्या भूमिकेतून पाहिल्यास ही विसंगती म्हणजे चंचलपणा ठरेल. ई. पी. टॉमसन यांनी १९७१ साली अठराव्या शतकातील इंग्लंडमधील धान्यदंगलींविषयी केलेली मांडणी येथे उपयोगी पडते. जमाव केवळ भुकेपोटी उठत नसे. धान्याचा व्यवहार कसा व्हावा याविषयी त्याच्या मनात रूढीने पक्की झालेली एक नीती असे आणि तिचा भंग झाला की तो उठे, असे टॉमसन दाखवतात. या नीतीला त्यांनी ‘नैतिक अर्थव्यवस्था’ म्हटले. अ‍ॅनिमेच्या चाहत्यांची अशी एक नीती फॅनसबच्या काळापासून घडत आली होती. कृती उपलब्ध असावी, तिचे भाषांतर जाणत्याने केलेले असावे, तिच्या आस्वादकांना परस्परांशी बोलता यावे, आणि रीतसर व्यवस्था उभी राहिली की तिला मान देऊन अनधिकृत प्रत मागे घ्यावी. या नीतीत एकत्र संग्रहाला विरोध नाही. उलट तो तिचा आदर्श आहे. संग्रह एक असावा आणि तो सामायिक असावा, अशी ती अपेक्षा होती. प्रत्यक्षात संग्रह एक झाला, तो एका मालकाचा होऊन. २०१८ ची खंत आणि २०२० ची भीती या दोन्ही एकाच अपेक्षेच्या भंगातून आल्या आहेत, हे लक्षात घेतले की विसंगती उरत नाही.

राइट स्टफच्या प्रकरणातून याला पुष्टी मिळते. १९८७ पासून चालत आलेले हे अमेरिकेतील अ‍ॅनिमेविक्रीचे जुने दुकान क्रंचीरोलने ऑगस्ट २०२२ मध्ये घेतले. प्रौढांसाठीचा माल लगेच तेथून हटवण्यात आला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये दुकान त्या नावाने अस्तित्वात राहिले नाही. ज्यांनी तो प्रौढ माल कधी घेतला नव्हता अशा चाहत्यांनाही ही गोष्ट खटकली. काय विकावयाचे हे यापुढे समूहाच्या प्रतिष्ठेच्या कल्पनेवरून ठरणार, असा तिचा अर्थ त्यांनी लावला. हे अर्थनिर्णयनच होय. फक्त त्याचा विषय कथा नसून दुकानाची फळी होती.

५

मालकीबदलाचा सर्वांत गंभीर परिणाम मात्र स्मृतीच्या क्षेत्रात झाला. १ मार्च २०२२ रोजी फनिमेशनच्या मालिका क्रंचीरोलकडे हलवण्याची घोषणा झाली आणि २ एप्रिल २०२४ रोजी फनिमेशनची सेवा बंद करण्यात आली. फनिमेशनच्या तबकड्या विकत घेणाऱ्यांना त्यांच्यासोबत एक संकेतांक मिळत असे. तो नोंदवला की त्या कृतीची डिजिटल प्रत ग्राहकाच्या संग्रहात जमा होई. सेवा बंद होताना या प्रती नव्या ठिकाणी नेल्या गेल्या नाहीत. तबकडी जवळ उरली, पण वर्षानुवर्षे जमवलेला डिजिटल संग्रह गेला. ग्राहकाने जे विकत घेतले होते ते वस्तूचे स्वामित्व नव्हते. ती पाहण्याची, मालकाच्या मर्जीने टिकणारी परवानगी होती, हे त्या दिवशी उघड झाले.

याहून कमी चर्चिली गेलेली, पण समीक्षेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची घटना त्याच वर्षी जुलैमध्ये घडली. क्रंचीरोलने प्रत्येक भागाखालील प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया आणि त्यांनी लिहिलेली परीक्षणे सरसकट काढून टाकली. त्यांत द्वेषपूर्ण आणि उथळ मजकूर पुष्कळ होता, हे नाकारण्याचे कारण नाही. त्याच वेळी मालिका आठवड्या-आठवड्याने उलगडत असताना प्रेक्षकाने काय अपेक्षिले, कोठे त्याचा अंदाज चुकला, कोणत्या भाषांतराला त्याने हरकत घेतली, यांची अनेक वर्षांची नोंदही तेथे साठलेली होती. ग्रहणाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाला एरवी पत्रे, रोजनिशा आणि ग्रंथांच्या समासांतील टिपा धुंडाळून जे मोठ्या कष्टाने मिळवावे लागते, ते येथे कालक्रमाने आणि मुबलक होते. एका व्यवस्थापकीय निर्णयाने ते गेले.

याचा सैद्धांतिक अर्थ असा की, अपेक्षाक्षितिजाची पुनर्रचना ही अभ्यासकाच्या कौशल्याइतकीच मालकाच्या धोरणावरही अवलंबून राहू लागली आहे. ग्रहणसिद्धांताने ताब्याचा प्रश्न समाजशास्त्रावर सोपवला होता. आता त्या सिद्धांताची साधनसामग्रीच ताब्यात अडकली आहे. चाहते या घटनेविषयी शोकाच्या स्वरात बोलले, ते या दृष्टीने समजण्याजोगे आहे. त्यांच्या दृष्टीने तेथे त्यांचे वाचनच लिहून ठेवलेले होते.

६

एवढे मान्य केल्यानंतर चाहत्यांच्या दाव्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अन्यथा हे विवेचन त्यांची वकिली ठरेल.

पहिली मर्यादा अशी की, या दाव्यात मूळ कर्ता बहुधा अनुपस्थित असतो. जपानमध्ये अ‍ॅनिमेची निर्मिती सामान्यतः अनेक कंपन्यांच्या ‘निर्मिती समिती’मार्फत होते. हक्क समितीकडे राहतात. चित्रे काढणारा स्टुडिओ पुष्कळदा ठरलेल्या रकमेवर काम करतो, आणि त्यातील तळाच्या चित्रकारांचे अल्प वेतन हा जपानमध्ये दीर्घकाळ चर्चेत असलेला विषय आहे. वितरकाने आमच्या श्रमांची नोंद केली नाही, असे म्हणणाऱ्या चाहत्याने या श्रमांची नोंद आपल्या दाव्यात किती घेतली, हा प्रश्न त्याला विचारता येतो. फॅनसबच्या काळातील देवघेव निःस्वार्थ होती. पण चित्रकाराला तिच्यातूनही काही मिळत नव्हते.

दुसरी मर्यादा अधिकाराच्या रूपांतराची आहे. जाणतेपणातून आलेला अधिकार मालकीचा आव आणू लागतो, तेव्हा भाषांतरकार आणि आवाज देणारे कलावंत यांना धारेवर धरले जाते. आपल्या मनातील ‘खऱ्या’ पाठापासून ढळल्याबद्दल त्यांना व्यक्तिशः लक्ष्य करण्याची प्रवृत्ती चाहत्यांत आहे आणि तिचे समर्थन करता येणार नाही. तरीही चित्र एकरंगी नाही. ‘मॉब सायको १००’ या मालिकेतील नायकाचा इंग्रजी आवाज देणारे काइल मॅकार्ली यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीरपणे सांगितले की, कलावंतांच्या संघटनेशी भावी करारांबाबत बोलणी करण्याची आपली अट कंपनीने न मानल्यामुळे तिसऱ्या पर्वात आपला आवाज असण्याची शक्यता नाही. पुढे ती भूमिका दुसऱ्या कलावंताकडे गेली. तेव्हा असंख्य चाहते कलावंताच्या बाजूने बोलले. आवाजाविषयीची आसक्ती येथे आवाजामागील श्रमिकाविषयीच्या आस्थेपर्यंत पोहोचली. अधिकाराची जाणीव परिपक्व झाली म्हणजे ती कोणत्या दिशेने जाऊ शकते, याचा हा एक नमुना मानता येईल.

तिसरा मुद्दा अलीकडचा आहे. जुलै २०२५ मध्ये क्रंचीरोलवरील एका नव्या मालिकेच्या जर्मन उपशीर्षकांत भाषांतराऐवजी संगणकीय संभाषणयंत्राचे नाव तसेच राहून गेल्याचे प्रेक्षकांनी दाखवून दिले. बाहेरील पुरवठादाराने कराराविरुद्ध यंत्राचा वापर केल्याचे स्पष्टीकरण कंपनीने दिले. त्याच वर्षीच्या शरदात चित्रातील पाट्या, पत्रे आणि फलक यांवरील मजकुराची उपशीर्षके पूर्वीसारखी नेमक्या जागी बसत नसल्याची तक्रार झाली. बाहेरच्या माणसाला ही बाब क्षुल्लक वाटेल. परंतु चित्रातील लेखन त्याच्या जागी, त्याच्या वळणाने भाषांतरित करण्याची कला चाहत्यांनी फॅनसबच्या काळात जोपासली होती आणि तेथून ती व्यवसायात आली होती. आपण घडवलेले तंत्र कोठे ढिले पडले, हे त्यांच्याच नजरेला प्रथम दिसावे, हे स्वाभाविक होते. दोन्ही प्रसंगी पाठचिकित्सकाचे काम प्रेक्षकाने केले आणि कंपनीला उत्तर द्यावे लागले. मालकी पूर्णपणे दुसऱ्याकडे असतानाही अधिकार कसा शिल्लक राहतो, हे यातून दिसते. भारतातही क्रंचीरोल निवडक मालिकांचे हिंदी, तमिळ आणि तेलुगू डबिंग सादर करते. कोणती कृती कोणत्या भाषेत यावी हा निर्णयही मालकाचाच असल्याने, मराठी प्रेक्षकालाही हा प्रश्न परका राहिलेला नाही.

तात्पर्य, अ‍ॅनिमेच्या चाहत्यांनी मालकीबदलाच्या प्रसंगी जो प्रतिसाद दिला त्यात तीन मागण्या एकत्र आल्या आहेत. पाठाची निगा जाणतेपणाने राखली जावी. घेतलेली प्रत मालकाच्या मर्जीबाहेर टिकावी. आणि आस्वादाची नोंद आस्वादकांची मानली जावी. पहिली मागणी समीक्षेच्या परिचयाची आहे, दुसरी कायद्याच्या. तिसरीला अद्याप नाव नाही, आणि ती मिटवली गेली तर तिच्यासाठी दाद मागण्याची जागाही नाही. साहित्यव्यवहाराचा विचार करणाऱ्यांनी आपल्या आराखड्यात लेखक, संहिता आणि वाचक यांच्याबरोबर ‘ताबा’ हा चौथा घटक धरला पाहिजे, असे या प्रकरणावरून म्हणता येते. मराठीतील नियतकालिकांचे जुने अंक, वाचकांची पत्रे आणि बंद पडलेल्या ग्रंथालयांच्या नोंदवह्या आज कोणाकडे आहेत आणि उद्या कोणाकडे जातील, हा प्रश्नही मग अभिलेखागाराच्या व्यवस्थापनापुरता मर्यादित राहणार नाही. आपल्या वाचनाचा इतिहास लिहिता येईल की नाही, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.